चार मिलिअँपिअरचं शून्य

‘तुमचे प्रश्न’ या सदरासाठी गेल्या महिन्यात सेन्सर आणि कंट्रोल सिस्टीम हा विषय दिला होता. मी ३१ वर्षं इन्स्ट्रुमेंट विभागात काम केलं. त्यातली पहिली नऊ वर्षं तर हातात मल्टिमीटर घेऊन प्लांटमध्येच गेली. आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच होतं.

प्रश्न : मी इन्स्ट्रुमेंटेशन पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ट्रान्समीटरचा (माप विजेच्या सिग्नलमध्ये बदलून पाठवणाऱ्या उपकरणाचा) सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर असतो असं शिकवलं. ० ते २० का नाही, असं मी विचारलं तर ‘स्टँडर्ड आहे, पाठ कर’ असं उत्तर मिळालं. मॅडम, हे ४ आलं कुठून?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : पाठ करू नकोस. या सगळ्या क्षेत्रातला माझा सर्वांत आवडता शोध याच आकड्यात आहे, त्यामुळे मी जरा सविस्तर लिहिते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक टाकी होती. तिची पातळी ० ते १० व्होल्टच्या सिग्नलवर कंट्रोल रूममध्ये यायची. एका रात्रपाळीत ती पातळी एकदम शून्यावर पडली. कंट्रोलरने त्याचं काम चोख केलं. टाकी रिकामी झाली असं समजून त्याने भरण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. टाकी मात्र जवळजवळ भरलेली होती. जंक्शन बॉक्समधली एक वायर स्क्रूखालून सुटली होती, बाकी काही नाही. वरच्या झाकणातून गरम पाणी बाहेर आलं तेव्हा मी खाली चार पावलांवर उभी होते. कुणाला इजा झाली नाही. पण त्या रात्री मला कळलं, की ‘टाकीत काही नाही’ आणि ‘टाकीत काय आहे ते मला माहीत नाही’ या दोन वाक्यांसाठी त्या सिग्नलकडे एकच शब्द होता.

४ मिलिअँपिअरने ही दोन वाक्यं वेगळी केली. टाकी रिकामी असली तरी तारेतून ४ वाहत राहतात, निम्मी भरली की १२, पूर्ण भरली की २०. वायर तुटली तर ०. ते ० मापाच्या कक्षेतच नसल्यामुळे कुणीही त्याला ‘रिकामी टाकी’ समजत नाही. याला लाइव्ह झिरो म्हणतात. मी मराठीत जिवंत शून्य म्हणते.

ही कल्पना विजेच्या सिग्नलच्या आधीची आहे. पूर्वी सिग्नल हवेच्या नळीतून जायचे, ३ ते १५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाने. नळी फुटली की दाब ३ च्या खाली जायचा आणि बिघाड कळायचा. ३ ला १५ आणि ४ ला २०, दोन्हीकडे प्रमाण एकास पाचच आहे हे करून बघ. २५० ओहमच्या रेझिस्टरवरून तोच प्रवाह नेलास तर १ ते ५ व्होल्ट मिळतात, तिथेही एकास पाच.

त्या चारचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला तितकाच सुंदर वाटतो. किमान ४ मिलिअँपिअर कायम वाहतातच, तर ट्रान्समीटरने आपलं पोट त्यातच भरावं. म्हणून दोनच तारा पुरतात. त्याच तारांतून वीज आत जाते आणि माप बाहेर येतं. शिवाय सिग्नल प्रवाहाचा असल्यामुळे लांब केबलचा रेझिस्टन्स माप बिघडवत नाही. सप्लायचा व्होल्टेज पुरेसा असेल तोपर्यंत लूपमध्ये, म्हणजे या तारांच्या बंद वर्तुळात, सगळीकडे तोच प्रवाह राहतो.

पुढे नामूर या युरोपातल्या प्रक्रिया उद्योगांच्या संघटनेने एनई ४३ या शिफारशीत हे आणखी नेमकं केलं. खरं माप ३.८ ते २०.५ मध्येच राहील. ट्रान्समीटरला आतून काही बिघडल्याचं कळलं तर तो स्वतःहून ३.६ किंवा त्याखाली जाईल, नाहीतर २१ किंवा त्यावर. म्हणजे आता तुटलेली तारच नव्हे, आजारी ट्रान्समीटरसुद्धा स्वतःबद्दल बोलू शकतो. मात्र समोरच्या, सिग्नल घेणाऱ्या कार्डावर ते वाचण्याची सोय चालू करावी लागते. मी असे कितीतरी प्लांट पाहिले जिथे ट्रान्समीटर ३.५ पाठवत होता आणि पडद्यावर मुकाट्याने ० टक्के दिसत होतं. प्रॅक्टिकलला मिळेल त्या पहिल्या लूपची एक वायर काढून पडद्यावर काय येतं ते बघ, आणि ते सरांनाही दाखव.

प्रश्न : आमच्याकडे बहुतेक सगळ्या पीआयडी लूपमध्ये डी शून्यावर ठेवलेला आहे. जॅकेटवाल्या (बाहेरून गरम करणारं आवरण असलेल्या) एका मोठ्या व्हेसलचं, म्हणजे भांड्याचं, तापमान दरवेळी सेट पॉइंटच्या (ठरवून दिलेल्या तापमानाच्या) ६-७ अंश वर जातं आणि मग खाली येतं. डीला हात लावू नका, असं जुने लोक सांगतात. मग डी शोधला कुणी आणि कशासाठी?
— देखभाल विभागातले एक तंत्रज्ञ

उत्तर : जुन्या लोकांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. कोणतं निम्मं ते सांगते. नवख्या वाचकांसाठी : व्हॉल्व्ह किती हलवायचा हे कंट्रोलर ज्या हिशोबाने ठरवतो त्याचे पी, आय आणि डी हे तीन भाग.

निकोलस मिनोर्स्की हे रशियात जन्मलेले, नंतर अमेरिकेत गेलेले अभियंते. त्यांच्यापुढे प्रश्न जहाज आपोआप ठरल्या दिशेवर ठेवण्याचा होता. त्यांनी सुकाणूवाल्याचे हात पाहिले. अनुभवी माणूस जहाज आत्ता किती अंश भरकटलंय एवढंच बघत नाही. ते किती वेळापासून एका बाजूला ओढतंय हे त्याच्या लक्षात असतं, आणि आत्ता ते किती वेगाने वळतंय तेही. जहाज परत सरळ व्हायला लागलं की ते सरळ होण्याआधीच तो सुकाणू उलटं फिरवू लागतो. मिनोर्स्कींनी १९२२ साली हे गणितात मांडलं. आत्ताची चूक म्हणजे पी, साचत आलेली चूक म्हणजे आय, चूक बदलण्याचा वेग म्हणजे डी. ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर चाचण्या झाल्या. डी नसताना जहाज दोन्हीकडे २ अंशांपर्यंत डुलत होतं, डी जोडल्यावर ते डुलणं एका अंशाच्या सहाव्या हिश्शावर आलं. तरीही खलाशांचा विरोध होता म्हणून ती यंत्रणा काढली गेली. ज्याच्या हातांकडे पाहून शोध लागला त्यालाच तो परका वाटला, याचं मला अजून वाईट वाटतं.

असा सुकाणूवाला मी पाहिला आहे. माझ्या पहिल्या प्लांटमध्ये एक ज्येष्ठ ऑपरेटर वाफेचा व्हॉल्व्ह हाताने चालवायचे. सेट पॉइंट ८५ असला की ७६-७७ च्या आसपासच त्यांचा हात व्हॉल्व्ह मिटू लागायचा. ‘आत्ताच का?’ असं विचारलं तर म्हणायचे, ‘काटा पळतोय ना.’ डीची याहून चांगली व्याख्या मला पुस्तकात मिळाली नाही.

तुमच्या व्हेसलमध्ये नेमकं हेच हवं आहे. जॅकेटमध्ये साठलेली उष्णता व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही आत येत राहते. पी आणि आय दोघांनाही ती दिसत नाही. उलट तापमान वर चढेपर्यंत आयने भरपूर चूक साठवलेली असते, तीच तुमचे ६-७ अंश वर नेते. टेलर या इन्स्ट्रुमेंट कंपनीने आपल्या कंट्रोलरमधल्या डीला ‘प्री-अ‍ॅक्ट’ नाव दिलं होतं, म्हणजे आधीच हालचाल. तिथल्याच झिग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ साली ट्यूनिंगची रीत दिली. त्यांच्या रीतीत डीचा वेळ आयच्या वेळेच्या एक चतुर्थांश येतो. तुमचा आय ८ मिनिटं असेल तर डी २ मिनिटांच्या पुढे नेऊ नका. सुरुवात अर्ध्या मिनिटापासून करा.

आता जुन्या लोकांचं निम्मं. डी वेग बघतो, म्हणून माप थरथरत असेल तर तो प्रत्येक थरथरीला वेग समजतो. फ्लोच्या (पाइपमधल्या प्रवाहाच्या) लूपमध्ये डी घातला की व्हॉल्व्ह दिवसभर कापत राहतो आणि त्याचं पॅकिंग झिजतं. कुणीतरी कधीतरी ते पाहिलं असणार, आणि मग सगळीकडेच डी शून्य करून टाकला. फ्लोला शून्यच ठेवा. तापमानाला द्या, फिल्टर लावून. डी मोजलेल्या तापमानावर चालतोय ना, हेही कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये तपासा. तो चुकीवर, म्हणजे सेट पॉइंट आणि तापमान यांच्यातल्या फरकावर चालत असेल तर सेट पॉइंट बदलताक्षणी व्हॉल्व्ह झटका खाईल. पहिली चाचणी व्हेसलमध्ये नुसतं पाणी घेऊन, शिफ्ट इन्चार्जना सांगूनच करा.

प्रश्न : मी या क्षेत्रातली नाही, भाषा शिकवते. पाण्याच्या मोठ्या पाइपवर बसवलेला एक मीटर पाहिला. आत चक्र नाही, पातं नाही, काहीच फिरत नाही असं कळलं. मग पाणी किती जातंय ते त्याला समजतं कसं?
— एक शिक्षिका

उत्तर : पाणी स्वतःच तारेचं काम करतं. चुंबकाच्या क्षेत्रातून तार हलवली की तिच्यात वीज निर्माण होते, हा ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेंचा शोध. पाण्यातून थोडी वीज वाहते, म्हणून वाहतं पाणी ही हलणारी तारच. पाइपच्या वर-खाली कॉइल, दोन बाजूंना दोन इलेक्ट्रोड. पाणी जितकं वेगाने जाईल तितका इलेक्ट्रोडमध्ये व्होल्टेज जास्त. ते मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं.

हा प्रयोग खुद्द फॅरडेंनी १८३२ साली करून पाहिला होता, तोही थेट नदीवर. लंडनच्या वॉटर्लू पुलाच्या कठड्यावरून त्यांनी ९६० फूट तांब्याची तार नेली, दोन टोकांना धातूचे पत्रे लावून ते थेम्समध्ये सोडले. चुंबक म्हणून त्यांनी पृथ्वीचंच क्षेत्र घेतलं. गॅल्व्हानोमीटरची सुई हलली, पण भरवसा ठेवावा अशी नाही. पत्र्यांवर पाण्याच्या रासायनिक क्रियेनेच वीज तयार होत होती आणि खरा सिग्नल त्यात बुडून गेला. कल्पना पूर्ण बरोबर होती. कारखान्यात वापरता येतील असे मीटर विसाव्या शतकाच्या मध्यावर आले. आजच्या मीटरमध्ये चुंबकाची दिशा सारखी उलटसुलट केली जाते. खरा सिग्नल तिच्याबरोबर उलटतो, रासायनिक वीज उलटत नाही, म्हणून दोघी वेगळ्या करता येतात. फॅरडेंना जिने हरवलं ती अडचण अशी सुटली.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला सांगावीशी वाटते. पाइप रिकामा झाला की इलेक्ट्रोड उघडे पडतात आणि हा मीटर शून्य दाखवेलच असं नाही, तो काहीही आकडे दाखवू शकतो. म्हणून चांगल्या मीटरमध्ये ‘पाइप रिकामा आहे’ हे ओळखणारी वेगळी सोय असते. आणि खनिज तेलासारख्या, ज्यातून वीज जात नाही अशा द्रवांसाठी हा मीटर चालत नाही.

प्रश्न : पीएलसी (कारखान्यातली मशीन चालवणारा, प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर) हा कॉम्प्युटरच आहे तर त्यात अजून शिडीसारखी जुनाट चित्रं का काढतात?
— एक सॉफ्टवेअर अभियंता

उत्तर : ज्यांच्यासाठी तो बनवला त्यांना ती चित्रं वाचता येत होती म्हणून. १९६८ मध्ये जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी (विजेने उघडझाप करणाऱ्या स्विचांनी) भरलेली पॅनेलं नको झाली होती. मॉडेल बदललं की हजारो वायरी पुन्हा जोडा. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन ०८४ बनवला. तो त्यांच्या फर्मचा ८४ वा प्रकल्प होता, त्यावरून हे नाव. इलेक्ट्रिशियन रात्री दोन वाजता उभ्या उभ्या वाचू शकेल असा प्रोग्रॅम त्यांना हवा होता, आणि रिलेची ड्रॉइंग तो आधीपासून वाचतच होता. मी ‘जुनाट’ म्हणणार नाही. मशीन बंद पडलेलं असताना पडद्यावर कोणती पायरी तुटली आहे ते रंगाने दिसतं, ते इतक्या पटकन दाखवणारी दुसरी भाषा मी तरी वापरलेली नाही.

प्रश्न : मी कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर आहे. परवा पडद्यावर व्हॉल्व्ह ‘बंद’ दिसत होता, फील्डवरचा मुलगा वॉकी-टॉकीवर ‘उघडा आहे’ म्हणत होता. मी पडद्यावर विश्वास ठेवला. नंतर तो मुलगाच खरा ठरला. नुकसान थोडं झालं, पण तेव्हापासून मला पडद्याकडे बघताना धास्ती वाटते. काय करावं?
— एक ऑपरेटर

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ही चूक मी तुमच्या पदरात टाकणार नाही. पडद्यावरचं ‘बंद’ नेमकं कुठून येतं हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?

२८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या अणुभट्टीत दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला. ऑपरेटर समजले, व्हॉल्व्ह बंद झाला. त्या दिव्याची वायर व्हॉल्व्हच्या दांड्यापर्यंत गेलेलीच नव्हती, ती सोलेनॉइडला (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विद्युतचुंबकाला) जाणाऱ्या विजेवर होती. ‘बंद हो’ असा हुकूम सुटला, एवढंच तो दिवा सांगत होता. हुकूम पाळला गेला की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. दोन तासांहून जास्त वेळ पाणी निसटत राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला.

दुसरं उदाहरण २३ मार्च २००५ चं, टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातलं. तिथे तर माप घेणारा ट्रान्समीटर होता. १७० फूट उंच टॉवर, आणि ट्रान्समीटरची कक्षा तळाकडच्या थोड्याच फुटांची. तो द्रवात बुडालेल्या दांड्याचं तरंगण्याचं बळ मोजून पातळी सांगायचा. द्रव त्या दांड्याच्या कितीतरी वर गेला. दांडा पूर्ण बुडाल्यावर तरंगण्याचं बळ पातळीप्रमाणे वाढत नाही, ते फक्त द्रवाच्या घनतेवर राहतं. द्रव तापत होता, घनता घटत होती, बळ कमी होत होतं. म्हणून टॉवर भरत असताना पडद्यावर पातळी हळूहळू उतरताना दिसत होती, अगदी विश्वास बसेल अशी. शेवटी द्रव बाहेर पडून स्फोट झाला आणि पंधरा माणसं गेली. त्या ट्रान्समीटरची तार तुटली नव्हती, ४ ते २० मधलाच आकडा तो पाठवत होता. वर विद्यार्थिनीला ज्या जिवंत शून्याचं मी इतकं कौतुक सांगितलं, ते इथे काही करू शकलं नसतं. अशा खोट्याला पकडायला त्याच टॉवरवर वेगळ्या तत्त्वावर चालणारं दुसरं माप लागतं, किंवा आत किती टाकलं आणि बाहेर किती काढलं याचा हिशोब.

म्हणून आता धास्तीपेक्षा चौकशी करा. तुमच्या युनिटमधल्या प्रत्येक महत्त्वाच्या व्हॉल्व्हचं ड्रॉइंग इन्स्ट्रुमेंट विभागाकडून मागा आणि ‘बंद’चा सिग्नल लिमिट स्विचवरून (व्हॉल्व्ह टोकाला पोचला की दाबला जाणाऱ्या स्विचवरून) येतो की नुसत्या हुकमावरून, ते वहीत लिहा. लिमिट स्विच असला तरी तो व्हॉल्व्हच्या दांड्यावर आहे की अ‍ॅक्च्युएटरवर (दांडा फिरवणाऱ्या यंत्रणेवर), हेही विचारा. दोघांना जोडणारं कपलिंग तुटलं तर अ‍ॅक्च्युएटर फिरतो आणि व्हॉल्व्ह जागेवरच राहतो, असं मी दोनदा उघडून पाहिलं आहे. शेवटच्या काही वर्षांत माझ्या हाताखालच्या पडद्यांवर मी हुकूम आणि खरी स्थिती अशी दोन वेगळी चिन्हं काढून घेतली, शेजारी शेजारी. ठरलेल्या सेकंदांत ती जुळली नाहीत की व्हॉल्व्ह पिवळा व्हायचा. तुमच्याकडे तसं नसेल तर या प्रसंगाचा दाखला देऊन लेखी मागणी करा.

आणि त्या मुलाला सांगा की तो बरोबर होता. पुढच्या वेळी त्याने न घाबरता बोलायला हवं.

प्रश्न : प्लास्टिकच्या टाकीला बाहेरून चिकटवता येईल असा कपॅसिटिव्ह लेव्हल सेन्सर (विद्युतधारकतेतल्या बदलावरून पातळी ओळखणारा) मी बनवला आहे. अचूकता चांगली येते. एका प्रदर्शनात दाखवायचा विचार आहे. त्याआधी आणखी काय तपासू?
— एक हौशी संशोधक

उत्तर : पेटंट घ्यायचा विचार असेल तर प्रदर्शनाआधी अर्ज करा. बहुतेक देशांत आधी जाहीर दाखवलेली गोष्ट नवी धरली जात नाही.

तपासण्याबद्दल म्हणाल तर अचूकता तूर्त बाजूला ठेवा. टाकी भरून रिकामी करा, भिंतीला आतून ओलसर थर राहू द्या आणि बघा. कपॅसिटिव्ह सेन्सरला चिकटलेला थरही द्रवच वाटू शकतो, विशेषतः वीज वाहणारा द्रव असेल तर. मग एका बाजूने सेन्सर भिंतीपासून दोन मिलिमीटर सुटू द्या, जसा गोंद वाळल्यावर सुटेल. शेवटी, टाकी निम्मी भरलेली असताना त्याची वायर कापा. तिन्ही वेळी पडद्यावर काय दिसलं ते मला लिहून पाठवा, आकड्यांसह.